पालथी बादली

३ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. फाडशील, पण वाचून फाडशील. खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतेस, तर धाकट्या बहिणीचं पत्र वाचशीलच.

मी मजेत आहे. बाटल्या धुण्याचं काम सोडलं. मालक भला होता, पण दिवसभर हिरव्या काचेतून बघून बघून मला सगळी माणसं आजारी दिसायला लागली. मग बोटीवर तिकिटं फाडली. तेही सोडलं, कारण आता आठवत नाही. हसू नकोस. ‘पायाला भिंगरी लागलीय तुझ्या, एका जागी बसणं तुझ्या बापजन्मी जमायचं नाही,’ असं म्हणून तू दार लावलंस. आपटलं नाहीस, हळूच लावलंस, ते जास्त लागलं. आपला बाप एकच आहे, हे उत्तर मला जिना उतरल्यावर सुचलं.

सध्या मी गुलाब कापते. मळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येईल ते पुसून टाक. इथे प्लास्टिकची लांबच लांब घरं आहेत, त्यांत गुलाब राहतात. आम्ही पत्र्याच्या खोलीत राहतो. ऊन वाढलं की गुलाबांच्या डोक्यावर पडदे ओढले जातात. कळी जेमतेम ओठ उघडते तेवढ्यात ती कापायची, पूर्ण फुललेलं फूल बाद. फुलं विमानाने जातात. कुठे, ते कुणाला माहीत नाही. मावशी म्हणते, जातात तिथे माणसं रोज मरत असणार, नाहीतर एवढी फुलं कशाला लागतील.

ही मावशी कुणाचीच सख्खी नाही, म्हणून सगळ्यांची. माझ्या शेजारी झोपते, कात्री दोरीने कमरेला बांधून झोपते, आणि झोपेतही कुणाला तरी झापत असते. पहिल्या दिवशी माझे हात काट्यांनी सोलून निघाले तर म्हणाली, “पोरी, काटा तुला शोधत येत नाही. तूच धावत जातेस. थांबायला शीक.” मला वाटलं, तूच बोललीस.

दुसरा माणूस म्हणजे ढग. फवारणी करतो. पाठीमागे धुकं घेऊन चालतो म्हणून ढग. बोलायला लाजतो, पण फवारणी झाली की लांबून एक आरोळी ठोकतो आणि आपली बादली त्या घराच्या दारात पालथी घालून जातो. बादली पालथी आहे तोवर कुणी आत पाऊल टाकत नाही. औषध विरलं की येऊन बादली सुलटी करतो, मग आम्ही आत. हे कुणी शिकवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. मी पहिल्याच दिवशी त्या बादलीवर बसायला गेले तर सगळ्या बाया अशा ओरडल्या की जणू मी विहिरीत उडी मारतेय.

आता खरी गोष्ट. काल जेवणानंतर बायांनी नक्कल केली. गेल्या वर्षी एक तपासणीवाली बाई आली होती म्हणे, मोठ्या कंपन्यांनी मजुरांसाठी जी नियमावली केलीय तिच्यामुळे मजुरांचं किती भलं झालं, ते मोजायला. एका बाईने चष्मा डोक्यावर चढवला आणि सगळीकडे चष्मा शोधायला लागली. पेनाचं टोपण दातात धरलं. “बरं, आणि मग? बरं, आणि मग?” अगं, हसून हसून सगळ्या लोळल्या. मीही हसले. मग एकदम हसू थांबलं. टोपणावर दातांचे खड्डे, डोक्यावर चष्मा, ‘बरं, आणि मग’. दुसरं कोण असणार?

मी सांगितलं नाही तू माझी कोण ते. मावशी मात्र तुझी भक्त आहे. पूर्वी इथे आडोशाला जावं लागायचं, तू लिहून गेलीस म्हणून संडास झाले, दाराला आतून कडी असलेले. आमच्या खोलीची खिडकीही तुझीच. “त्या बाईच्या पोटी सोन्यासारखी लेकरं येवोत,” म्हणते. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला.

तुझी,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालाच्या माणसाला मी दोनदा उगाच चहा पाजला.

इकडे तपासणी जवळ आलीय. सुपरवायझरची झोप उडालीय. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. नियमावलीत आहे ना, मजुरांवर ओरडायचं नाही, तेव्हापासून तो ओरडत नाही, शिट्टी फुंकतो. पण त्या नियमाचा त्याने आणखी एक अर्थ लावलाय, की आवारात कुणीच ओरडायचं नाही. ढगाची आरोळीसुद्धा बंद.

आणि बादलीही बंद. गेल्या वर्षीच्या अहवालात एक ओळ होती म्हणे. दारात बादल्या पडलेल्या असतात, बाहेर पडायची वाट अडते, फवारणीची सूचना लाल झेंड्याने द्यावी. वाट मोकळी हवी, झेंडा दिसायला हवा, यात चुकीचं काही नाही. कागदावर मीही तेच लिहिलं असतं. लिहिताना तू टोपण चावत असणार, हे मला दिसतं.

तर झेंडे आले. शिट्टीने डोकं चालवलं. झेंडा लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि तपासणीवाला नेमका झेंडा नसलेल्या दाराशी येऊन उभा राहिला तर? म्हणून सगळ्या दारांवर झेंडे, कायमचे. तारेने पक्के बांधलेले. बादल्या धुऊन नळापाशी ओळीने मांडल्या, सुलट्या.

ढग पहिल्यांदाच कुणासमोर उभा राहून बोलताना बघितला.

“साहेब, सगळीकडेच झेंडा असला तर फवारलेलं घर कुठलं, ते बायांना कळायचं कसं?”

“तू सांग की. तोंड आहे ना?”

“ओरडायचं नाही म्हणालात.”

“मग जवळ जाऊन सांग. हळू.”

“आणि एखादी तेव्हा तिथे नसली तर?”

“तू फवार रे बाबा. मला शहाणपण शिकवू नकोस, तपासणी होऊ दे, मग बघू.”

मावशी झेंड्यांकडे बघत म्हणाली, “लग्नघर वाटतंय नुसतं. नवरा तेवढा शोधायचा राहिलाय.” मग ढगाला म्हणाली, “तूच उभा राहतोस का रे मेल्या?” तो लाजून पंप उचलून पळाला.

संध्याकाळी उत्तरांची तालीम असते. शिट्टी तपासणीवाला होतो, खुर्चीवर बसतो.

“नियमावलीमुळे तुमच्या जीवनात कोणता फरक पडला?”

“संडास झाला,” मावशी.

“तसं नाही म्हणायचं. स्वच्छतागृह म्हणायचं.”

“जाणार मी, आणि नाव तुम्ही ठेवणार?”

“बरं, पुढे. फवारणीनंतर आत जाता का?”

“नाही.”

“फवारणी झाल्याचं कसं कळतं?”

“झेंडा असतो,” सगळ्या एका सुरात. आणि त्या सुरातच जाणवलं, की यातलं एक अक्षर खोटं नाही. झेंडा असतोच. नेहमीच असतो.

ताई, यंदा तू येणार आहेस का? येणार असशील तर मी समोर येणार नाही, घाबरू नकोस. फक्त एकदा ढगाला विचार, बादली कशासाठी होती. गेल्या वर्षी विचारलं नाहीस का गं? की तो लाजला आणि तू पुढे गेलीस?

तुझी,
भिंगरी

ता.क. एक मांजर आमच्या खोलीत व्यालंय. पिल्लांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. एकाला मी तुझं नाव ठेवलंय.


१ मार्च

ताई,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. समोर एका गुबगुबीत बाळाचं चित्र आहे, त्याच्या नाकावर कुणीतरी पेनाने मिशा काढल्यात. आधी ओठावर काढायला गेला असेल, हात चुकला असेल. शेजारचा म्हातारा मघापासून मला विचारतोय, पोरी, तुझं कोण आहे आत. काय सांगू? मावशी आहे म्हटलं. सख्खी का? मी हो म्हटलं.

सांगतेच.

आज तपासणी होती. कालपासून सात नंबरच्या घरात पानांच्या मागे कोळी दिसत होता. कोळी म्हणजे बारीक लाल कीड. पाहुण्यांनी बघू नये म्हणून शिट्टीने ढगाला पहाटे जालीम औषध मारायला लावलं. ढगाने मारलं. मग हळू, जवळ येऊन, नळापाशी सगळ्या बायांना सांगितलं, सातात जाऊ नका.

मावशी तेव्हा संडासात होती.

एवढंच, ताई. दुसरं काही घडलं नाही. शिट्टी वाजली, ज्या त्या बाईने आपापलं घर गाठलं. मावशीचं सात. दारावर झेंडा, पण झेंडा तर सहालाही होता, आठालाही होता, कोल्डरूमच्या दारालाही होता. बादली नव्हती. बादली नाही म्हणजे जायचं, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. तोंडाला नवाकोरा मास्क, म्हणून वासही लवकर आला नसेल. पाहुणे येणार म्हणून खाली वाकून, एकेक वाळकं पान वेचत बसली.

बऱ्याच वेळाने मी तिची कात्री आपटताना ऐकली. मावशी दाराला धरून उभी होती. म्हणाली, “दिवे का गं घालवले?” बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. मी म्हटलं, मावशी, चेष्टा पुरे. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि हाताची बोटं आपोआप उडायला लागली, कुणी आतून दोऱ्या ओढतंय अशी.

फुलांच्या गाडीतून आणलं. दुसरी गाडी शिट्टी पाहुण्यांना आणायला घेऊन गेला होता. फुलांच्या गाडीत थंडी असते, मी तिच्या अंगावर गुलाबांचे कागद घातले.

डॉक्टर म्हणाले, औषध कुठलं ते कळलं तर बरं. औषधांच्या कपाटाला कुलूप, किल्ली शिट्टीच्या खिशात. हाही नियमच आहे, आणि चांगला नियम आहे, खोलीत पोरंबाळं असतात. ढगाने पहारीने कुलूप तोडलं आणि बाटली छातीशी धरून पळत आला. डॉक्टरांनी मला समजावलं, या विषाने बुबुळातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, म्हणून रुग्णाला भरदिवसा अंधार दिसतो. हात कापतात. मग छाती भरते.

ढग दाराबाहेर जमिनीवर बसलाय. “मी ओरडायला हवं होतं,” एवढंच म्हणतोय. मी त्याच्यासाठी चहा आणला. तसाच गार झाला.

ताई, एकदा फोन उचल.


६ मार्च

मावशी गेली.

न्यायला तिची लेक आली होती. शिट्टीने तिला गुलाबांचा मोठा गुच्छ दिला. पूर्ण फुललेले, बाद झालेले. तिने हात पुढे केला नाही. म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला, आणि मी मूर्खासारखी धरून उभी राहिले.

तपासणी त्याच दिवशी झाली, थांबवली नाही. तू आली नाहीस. कॅमेरावाला एक तरुण साहेब होता, सभ्य, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्याने सगळ्या दारांचे फोटो काढले. नंतर फोन करून त्याने मावशीचं विचारलं, एवढं खरं. शिट्टीने सांगितलं, झेंडा होता तरी आत गेली. फोटोत झेंडा आहेच. म्हणजे ठरलं. सूचना होती, कामगाराने पाळली नाही. संडासाला जाणाऱ्या बाईची चूक.

ढगाला काढलं. कुलूप तोडलं म्हणून. निघताना त्याने नळापाशी जाऊन आपली बादली उचलली. शिट्टी म्हणाला, ती कंपनीची आहे. ढगाने ठेवली. सुलटीच ठेवली. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, पण इतकं हळू की मला ऐकू आलं नाही.

नवा फवारणीवाला आलाय. पोटापाण्याला आलाय बिचारा, त्याला काय ठाऊक? फवारतो, पंप ठेवतो, कानात गाणी घालून दुसऱ्या घराकडे निघतो. काल आमच्यातली एक चारात शिरता शिरता राहिली. मी दंडाला धरून ओढली. तिच्या पोटात सहावा महिना आहे. बाया आता दाराशी उभ्या राहतात, हुंगतात, एकमेकींकडे बघतात. शिट्टी वाजते. आत जातात.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुला दोष देत नाही. तुझ्या संडासाला आजही कडी आहे, ती खोटी नाही. पण बादली तुझ्या एका ओळीने गेली, एका ओळीने परत आण. लिही, की जे घर फवारलं त्याच दारावर झेंडा असावा, बाकीचे उतरवावेत. नाहीतर लिही, की बादली राहू द्या. तुमचं माणसं ऐकतात. आमचं कोण ऐकतंय?

भिंगरी


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. उघडायच्या आधी मी ते खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं. सांगून टाकलं, ती चष्मेवाली बाई माझी सख्खी बहीण आहे, बघा, आलं उत्तर. नक्कल करणारी ओशाळली, म्हणाली, अगं, आधी नाही का सांगायचं. सगळ्या भोवती बसल्या. “मोठ्याने वाच.”

मग मी ते मनातच वाचलं.

‘तिथे माझी बहीण काम करते हे मला आता कळलं आहे, त्यामुळे त्या मळ्याच्या बाबतीत मी काहीही लिहिणं आमच्या नियमात बसत नाही. तक्रारपेटी वापरा. तू ते काम लगेच सोड. घरी ये.’

तुझंच अक्षर, सरळ रेषेत, खाडाखोड नाही. ‘वापरा’ लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत ‘तू’. ‘वापरा’ कुणाला म्हणालीस आणि ‘घरी ये’ कुणाला, यावर मी फार वेळ विचार केला.

तक्रारपेटी आहे इथे. कपाटाची किल्ली ज्या खिशात असते त्याच खिशात तिची किल्ली असते.

बायांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, बघते म्हणते. येईल म्हणते.

ताई, ‘घरी ये’ हे दोन शब्द मी वर्षभर ऐकायला टपले होते. आधी आले असते तर बोटीवरूनच उडी मारून आले असते. आता कशी येऊ? ती पोटुशी बाई माझ्याशिवाय दारात पाऊल टाकत नाही. मला विचारते, जाऊ का गं? जशी काही मलाच कळतंय.


तारीख विचारायला जवळ कुणी नाही. मार्च संपत आला असेल.

ताई,

एक मजा सांगते. मला बढती मिळाली. मी आता बादली आहे.

नव्या फवारणीवाल्याशी मी गट्टी केली. कुठलं घर मारणार ते तो मला आधी सांगतो, आणि मी त्या दारात जाऊन बसते. पाय लांब करून, वाट अडवून. बाया मला बघतात आणि मागे फिरतात. औषध विरलं की मी उठते, मग त्या आत. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. शिट्टी पहिल्या दिवशी धावत आला.

“उठ. कामावर जा.”

“पाय मुरगळलाय, साहेब.”

“मग खोलीवर जा.”

“तिथवर चालवत नाही.”

“हाजिरी लावणार नाही.”

“नका लावू.”

त्याला ओरडता येईना. शिट्टी फुंकली, पण मी काही फुटबॉलवाली नाही. माझा डबा बाया आळीपाळीने देतात. पोटुशीचा आता सातवा लागलाय, ती जाता येता माझ्या डोक्यावर हात ठेवून जाते, मी तिच्यापेक्षा लहान असून.

म्हणजे बघ, एका जागी बसणं जमलं मला. सकाळी बसते ती उन्हं कलेपर्यंत. आधी वाटलं होतं, वेड लागेल. नाही लागत. मुंग्या दिसतात, पायांचे आवाज ओळखू येतात. मांजराची पिल्लं मोठी झालीत, तुझ्या नावाचं सर्वात फिस्कारणारं निघालं.

नव्याचा पंप बाहेरच असतो, त्याचा पाइप दारातूनच आत जातो आणि त्याचा सांधा जरा गळतो, त्यामुळे परकर ओला होतो. वाळतो पण लगेच. बाकी काही त्रास नाही. तोंडाला पाणी सुटतं सारखं, बायांच्या डब्यांमुळे असेल. अक्षर असं उड्या मारतंय ते मांडीवर कागद ठेवून लिहितेय म्हणून. तू म्हणायचीस ना, तुझं अक्षर म्हणजे पळणारी कोंबडी. आता तर कोंबडी कुणीतरी मागे लागल्यासारखी पळतेय.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तालमीत मला कुणी विचारलंच नाही. नियमावलीमुळे जीवनात काय फरक पडला? लिहून घे. पूर्वी बादली दारात असायची, आता माणूस असतं. मोजता येत असेल तर मोज.

आणि ये. तपासायला नको येऊस, नियमात बसत नसेल. पाहुणी म्हणून ये. तुझी भिंगरी कुठे बसलीय ते बघायला तरी ये. तू आलीस की मी उठेन, तोवर उठता येणार नाही, आत औषध आहे.

आणखी लिहायचं होतं, पण ओळी दिसेनाशा झाल्यात. आज लवकर अंधारून आलंय. पोटुशीला म्हटलं, खोलीवरून दिवा आण गं जरा. तिने वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं. मग डबा तिथेच टाकून ओरडत पळाली, नियम मोडून, आवारभर. जेवणाची सुट्टी आताच झालीय म्हणाली.

तुझी,
भिं